शिळं पाणी

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

पाच आठवडे मासा नसलेल्या काचेच्या टाकीत नुसतं खारं पाणी फिरवत होतो. त्या पाण्यात, दगडांवर आधी घाण पचवणारे चांगले जिवाणू वाढावे लागतात; नाहीतर मासा स्वतःच्याच घाणीनं मरतो. आज हैदराबादहून पहिला मासा आणला. एकच, नारंगी, बोटाएवढा.

दारात शेजारच्या जहीराआपा हसत उभ्या. माझी किल्ली त्यांच्याकडेच असते. दहा दिवसांनी नळ आला होता. गल्लीनं शिळं पाणी ओतून ताजं भरलं, आपांनी माझी टाकीही रिकामी करून नळाच्या पाण्यानं भरली. दगडसुद्धा घासले!

"पाहुणा येणार, त्याला शिळं पाणी कशाला, भैया?"

डोकं सणकलं. पाच आठवडे! मासा बादलीत सोडला, आधीच बाजूला काढून ठेवलेलं थोडं खारं पाणी होतं त्यात. तिथं किती दिवस काढेल?

आणि मी आपांना काय म्हणालो? "लई चांगलं केलं."

खोटं का बोललो? या पाच आठवड्यांत घरात दुसरं कोण आलं होतं? शिळ्या पाण्यावरून आवाज चढवला असता, तर उद्या त्याही आल्या नसत्या.