बिबड्यांच्या चोराची सजा

ती. मामांस,

बुऱ्हाणपूरहून चारुलताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? इकडे सगळे ठीक. अक्कांची, म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीची आणि माझ्या सासूबाईंची, तब्येत तर अचानक फारच ठीक आहे. त्याबद्दलच लिहायला बसले.

मागे तुम्ही आलात तेव्हा गच्चीवर पापडांसारख्या वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या चोरीला जात होत्या, आठवत असेल. (अर्धवट ओली बिबडी वाळलेलीपेक्षा चांगली लागते, हा गुन्ह्याचा हेतू.) तुम्ही निवृत्त न्यायाधीश, तेव्हा जेवता जेवता निकाल दिलात : चोर सापडला की वर्षभर त्याला बिबडी बंद, शिक्षा कडक असली की गुन्हा होत नाही. आमची लेक भूमिका इंदूरला वकिली शिकते, ती म्हणाली, "मामाआजोबा, सजेला कोणी डरत नाही. पकडलं जाण्याची खात्री पाहिजे." तुम्ही तिला वरण वाढायला सांगून विषय मिटवलात. अक्कांना मात्र तुमची शिक्षाही कमी वाटली. "हात बांधून उन्हात उभं करा मेल्याला," म्हणाल्या आणि काठी घेऊन स्वतः राखणीला बसल्या.

तुमचा कायदा लागू झाला आणि चोरी वाढली. चोर हुशार. अख्खी बिबडी उचलत नाही, कडेकडेनं कुरतडतो. बिबडी गोलच राहते, फक्त संध्याकाळपर्यंत पुरीएवढी होते. तुमच्या भाच्यानं उंदरांवर संशय घेऊन पिंजरा आणला. त्यात आतापर्यंत त्यांचाच अंगठा सापडला आहे.

काल मी ताक घेऊन वर गेले. अक्का छत्रीखाली, काठी मांडीवर, भरल्या तोंडानं कावळ्यांना हट हट करत होत्या आणि हात बिबडीच्या कडेकडेनं फिरत होता. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. आमचे सासरे अण्णा गेल्यापासून रोज अर्धी भाकरी ताटात तशीच टाकून उठणारी बाई, मामा. दात नाहीत, वाळलेली बिबडी त्यांना चाववतही नाही. ताकाचा पेला घेऊन मी बराच वेळ जिन्यातच बसले.

मामींना नमस्कार.

आपली,
चारुलता

ता. क. : शिक्षा रद्द केल्याचं अक्कांना फोन करून सांगा. कारण विचारलं तर भूमिकेचं म्हणणं पटलं म्हणा. (राखण मात्र त्यांच्याकडेच ठेवा.)

आणखी ता. क. : रद्द करणं कायद्यात बसत नसेल, तर कळवते. निकाल देऊन तुम्ही गच्चीवर शतपावलीला गेलात तेव्हा अंगात होता, तो सदरा इथेच विसरलात. धुताना खिशात ओल्या बिबडीचा गोळा निघाला. भूमिकेला अजून दाखवलेला नाही.