एका बॅगेत न मावलेला नवरा

आदरणीय थोरल्या साडूभाऊंच्या सेवेशी,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं सध्या मनातल्या मनात. का धरली ते पुढे येईलच.) आपली तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सकाळचं फिरणं, दुपारची झोप आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना आपल्या परदेशवाऱ्या ऐकवणं हे सगळं नेमाने चालू असेल. शेजारी बरे आहेत ना? घरात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणाल. राग मानू नका, पण फोनवर आपल्या दोघांत तुम्ही बोलता आणि मी 'हो, हो' म्हणतो. आज मला बोलायचं आहे, आणि पत्र मध्येच तोडता येत नाही.

तर या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात. मागे आलात तेव्हा खांद्यावरची ती शबनमएवढी पिशवी आमच्या खोलीच्या मधोमध ठेवून तुम्ही म्हणालात की महिनाभर परदेश हिंडून आलो तो एवढ्यावर. एक शर्ट अंगात, एक दोरीवर. दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापलेला! आमची ही दाराशी उभी राहून तोंड उघडं ठेवून ऐकत होती. (माझं बोलणं ती कधी तोंड उघडं ठेवून ऐकत नाही. उघडं असतं, पण ती बोलत असते.) तुम्ही गेलात, पण ती पिशवी हिच्या डोक्यात राहिली. लग्न झाल्यापासून मी हिला 'जाऊ गं एकदा परदेशी' म्हणत आलोय, आणि यंदा खरंच जमून आलं, तर हिने अट घातली. प्रत्येकी एक लहान बॅग, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल एवढी. त्याहून जास्त काही घेतलंत तर मी एकटी जाईन, तुम्ही घर सांभाळा. हेच ती चिडून म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण कपड्यांच्या घड्या घालता घालता, शांतपणे म्हणाली.

आता माझं काम तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी मनावर घेतलं नाहीत. मी लोकांची घरं बांधतो. म्हणजे विटांनी नव्हे, खोक्यांत. घर बदलणाऱ्यांचं सामान हलवणाऱ्या कंपनीत काचसामान आणि कपबश्या म्हटलं की माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. कामावर मला गच्चबुवा म्हणतात, कारण माझ्या खोक्यात फट नसते. फट राहिली की कप हलतो आणि हलला की गेला. खोकं कानाशी धरून हलवलं तर आतून चकार शब्द यायला नको, ही माझी कसोटी. तेव्हा 'थोडं सामान घ्या आणि बॅग अर्धी रिकामी ठेवा' हे तुमचं सांगणं मला कळतं, पण सोसत नाही. रिकामा कोपरा दिसला की माझे हात शिवशिवतात. दुसरी खोड म्हणजे आम्ही पॅकर लोक विचारत नाही. खोलीत शिरलं की दाराच्या डाव्या बाजूने सुरू करायचं आणि दिसेल ते गुंडाळत उजव्या बाजूने बाहेर पडायचं. हे घेऊ का, ते घेऊ का, असं विचारत बसलं तर घर हलायचंच नाही. एका गिऱ्हाइकाची केराची बादली मी केरासकट गुंडाळून, वर 'नाजूक' असं लिहून नव्या घरी पोचवली होती. केराचा एक कपटासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या बाईंनी कौतुक केलं नाही ही गोष्ट वेगळी.

मग देश कुठला घ्यायचा यावर आमचं घर पेटलं. हिला बर्फ बघायचा होता. मी म्हटलं, बर्फ म्हणजे स्वेटर, स्वेटर म्हणजे कोट, कोट म्हणजे बूट, आणि बूट म्हणजे बॅगेचा सत्यानाश. माझा हिशोब सरळ होता. ज्या देशात स्वेटर लागतो तो देश बाद. जिथे छत्री लागते तोही बाद. जिथले रस्ते दगडी आहेत आणि जाड तळाचे बूट घालावे लागतात, त्यांना दुरूनच रामराम. असं करत करत जगाच्या नकाशावर दोन वाळवंटं आणि काही बेटं उरली. तिकिटाच्या ऑफिसात मी तिथल्या बाईंना सरळ विचारलं की सगळ्यात पातळ कपड्यांत उरकणारा देश कुठला? त्यांनी आधी माझ्याकडे, मग हिच्याकडे पाहिलं आणि हिची मान खाली गेली. त्या बिचाऱ्या बाई जेव्हा जेव्हा एखादं सुंदर छायाचित्र पुढे सरकवत, तेव्हा मी त्यातल्या लोकांनी अंगात काय घातलंय ते बघत होतो. धबधब्यासमोर एक कुटुंब हसत उभं होतं, पण सगळ्यांनी रेनकोट घातलेले. मी ते चित्र उलटं करून ठेवलं. शेवटी एक बेट ठरलं. खाली समुद्र, मधे डोंगर आणि डोंगराच्या टोकावर पुसटसा बर्फ. शिवाय आधी व्हिसाच्या कागदपत्रांची भानगड नाही, उतरल्यावर तिथेच शिक्का मारून आत सोडतात. ही म्हणाली, मी वर जाऊन बर्फ बघेन, तुम्ही खाली वाळूत बसून बॅग बघा.

बॅग मी भरली, आणि साडूभाऊ, काय भरली म्हणून सांगू! बुटात मोजे, मोज्यात साबणाची डबी, डबीत साबणाशेजारी फट राहिली म्हणून तिथे बटणं, आणि बटणांची चार भोकं उगाच रिकामी नकोत म्हणून त्यांतून दोरा. शर्टांच्या गुंडाळ्यांमध्ये चमचे बसवले. कानाशी धरून हलवली तर आवाज नाही! बॅग लहानच होती, अटीत तंतोतंत बसणारी. फक्त ती उचलता येत नव्हती. विमानवाल्यांनी वजनालाही मर्यादा घातली आहे हे मला तेव्हा कळलं. (हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. तुम्हाला त्याची गरजच पडली नसणार.) मग घरातल्या वजनकाट्यावर मी बॅग छातीशी धरून उभा राहिलो. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. आता यात बॅग किती आणि मी किती हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून दोघांनीही थोडं कमी करावं असं ठरवून मी जेवण तोडलं. आठवड्याने काटा खरोखर खाली आला. मी आनंदाने ओरडलो, तर ही म्हणाली, अहो, तुम्ही उतरलात, बॅग तेवढीच आहे.

तेव्हा मी दुसरी युक्ती काढली. अंगावर जे असतं ते सामानात धरत नाहीत! कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून जुन्या कोटाला आतून खिसे लावून घेतले आणि रंगीत तालीम म्हणून भर दुपारी सगळं चढवून निघालो. तीन शर्ट, दोन पँटी, वर कोट. कोटात चमचे, टॉर्च, इस्त्री (लहानच होती) आणि हिचा टॉवेल. शिंप्याच्या दुकानापर्यंत पोचेपर्यंत माझे डोळे पांढरे झाले. त्याच्या बाकावर जरा टेकलो तो टेकलोच. गुडघे वाकले, ते सरळ व्हायला तयार नाहीत. शिंपी एका हाताला, शेजारचा औषधवाला दुसऱ्या हाताला, असे ओढायला लागले आणि कमरेत जी कळ आली ती अजून तिथेच आहे. औषधवाल्याने मलम लावायला कोट उघडला तर इस्त्री त्याच्या पायावर. मग मलमाचा अर्धा भाग त्यालाच लागला. घरी आलो तेव्हा ही दारात उभी होती. आत गेली आणि तुमच्या घरी फोन लावून तिने ताईंना बोलावून घेतलं.

तुमच्या घरातून ताई इकडे आल्या त्या यासाठी. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला, माझी बॅग पलंगावर उलटी केली, आणि दोघी बहिणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बटणांतला दोरा बघून ताई खालीच बसल्या. खरं सांगतो, मला राग आला होता, पण हिला असं हसताना पाहून बरंही वाटलं. मग ताईंनी न्यायनिवाडा केला. हे जाणार, ते राहणार. जे राहणार ते मी घरातल्या बाकी सामानासकट खोक्यांत भरायचं, कारण आमच्या मागे घराला रंग लागणार होता, आणि आमच्या कंपनीची लॉरी तुमच्या बाजूला रिकामी जायची होती. तुम्ही मोठ्या मनाने 'ठेवा माझ्या व्हरांड्यात, थोडंच असेल' म्हणालात. (थोडं नव्हतं. माफ करा. आत्तापर्यंत तुमचा व्हरांडा दिसेनासा झाला असेल.) निघायच्या सकाळी मी माझ्या हक्काच्या कामाला लागलो. डावीकडून सुरुवात केली, उजवीकडून बाहेर पडलो. लॉरी गेली तेव्हा घरात टाचणी उरली नव्हती, आणि माझी बॅग इतकी हलकी की मी ती एका बोटावर फिरवून हिला दाखवली. हिने माझ्याकडे असं पाहिलं, साडूभाऊ, की लग्नानंतर तसं पहिल्यांदाच पाहिलं असेल. विमानतळापर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तिथे खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट मागितला. हिने पर्समधून काढून दिला. मी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग मला टेबल आठवलं. विसरायला नको म्हणून मी माझा पासपोर्ट आदल्या संध्याकाळपासून जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या जगशेजारी, नजरेसमोर ठेवला होता. आणि सकाळी मीच, या हातांनी, टेबलावरचं सगळं गुंडाळलं होतं. न विचारता, न बघता, एकदम फर्स्टक्लास.

ही रडली नाही, ओरडलीही नाही. नुसती बॅगेचा पट्टा धरून उभी राहिली आणि म्हणाली, मग राहू दे, परत जाऊ. तेवढं मात्र मला सोसवेना. अट मी मोडली नव्हती, सामान हलकं होतं, आणि तरी हिला बर्फ दिसणार नव्हता, तो माझ्यामुळे. मी म्हटलं, तू जा. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, जा गं, परत आलीस की मला सांग, मी तोंड उघडं ठेवून ऐकेन. मग ती जरा हसली. आत जाईपर्यंत दर चार पावलांवर मागे वळून बघत होती. मी बसने घरी आलो. रंगारी कामाला लागले आहेत, मी त्यांच्या शिडीवर बसून हे लिहितो आहे, आणि घरात इतकी रिकामी जागा आहे की मला काही सुचत नाही.

असो. गुडघ्याला जपा, थंड पाणी पिऊ नका. लहानांना आशीर्वाद, शेजाऱ्यांना सहानुभूती.

आपला,
धाकटा साडू
(कामावरचा गच्चबुवा)

ता. क. : मुख्य काम राहिलंच. व्हरांड्यातली खोकी कृपया उघडा. पासपोर्ट पाण्याच्या जगात असावा. जग भांड्यात, भांडं मोठ्या भांड्यात, आणि ते कुठल्या खोक्यात हे मलाही सांगता येणार नाही. हलवून बघू नका, आवाज येणार नाही.

ता. क. चा ता. क. : सापडला की तुम्हीच घेऊन या. येताना एखादी कढई आणि दोन कप आणा, आमचं सगळं तुमच्याकडे आहे. तुम्हाला चहा करता येतो ना? मला वाटलं होतं मला येतो.

शेवटचा ता. क. : हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. ताई इथे नाहीत. आम्हाला पोचवायला त्या विमानतळावर आल्या होत्या, आणि हिला एकटीला कसं सोडायचं म्हणून तिथल्याच खिडकीवर तिकीट काढून हिच्याबरोबर गेल्या. सामान म्हणाल तर एक पर्स. त्यांच्याजवळ पासपोर्ट कसा, असं तुम्ही विचाराल, मीही विचारलं. म्हणाल्या, "काढला तेव्हापासून पर्समध्येच ठेवते हो भाऊजी. दरवर्षी हे निघाले की वाटतं, दारातून वळून म्हणतील, चल."