तिसरा दिवा लुकलुकत होता

प्रिय ताई,

परवा फोनवर उलट तूच माझी समजूत काढलीस. लाइन तुटली असेल, एवढ्या लोकांचे फोन येतात, तू एकटी कुठे कुठे पुरणार, मनाला लावून घेऊ नकोस, आणि जेवलीस का. मी सगळ्यालाच ‘हो’ म्हणाले. जेवले नव्हते. बाकीचं सावकाश सांगते.

हा आठवडा माझा होता, हे तुला माहीत आहे. नोकरीला लागून आठ महिने झाल्यावर साहेबांनी पहिल्यांदाच मला पाच दिवस आखायला दिले, रोज दहा ते अकरा. ज्यांचा आवाज रेडिओवर कधी येत नाही त्यांना बोलवायचं, असं मी लिहून दिलं होतं. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, भाषण नको, लोक त्या वेळी चहा पीत असतात. सोमवारी बसगाड्या झाडणाऱ्या मावशी आल्या. मंगळवारी स्ट्रेचर ढकलणारे एक गृहस्थ. बुधवारी लिफ्ट चालवणारे आजोबा, ते म्हणाले, तीस वर्षं रोज वर जातोय, पण बढती काही मिळाली नाही. काचेपलीकडे आमच्या निवेदिका बाईंना हसू आवरेना. मला वाटलं, मी केवढं मोठं काम करतेय.

पण सोमवारचंच एक राहिलं. कार्यक्रमाआधी बाईंनी सहज विचारलं, तू इथवर कशी पोचलीस गं? मी म्हणाले, घरात शिकलेलं कुणी नाही, सगळं माझं मीच केलं. का म्हणाले, कोण जाणे. त्या खोलीत सगळ्यांचे आईवडील शिकलेले आहेत, आणि तेवढं वाक्य बोलताना मला माझी उंची वाढल्यासारखी वाटली. बाईंना ते आवडलं आणि त्यांनी ते तसंच रेडिओवर सांगून टाकलं. संध्याकाळी तू फोन केलास. तुझ्या लाँड्रीतल्या सगळ्या बाया इस्त्री बाजूला ठेवून ऐकत होत्या, एवढंच सांगितलंस. त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

ताई, नववीत तू शाळा सोडलीस तेव्हा मी तिसरीत होते. हॉस्पिटलच्या चादरी दिवसभर दाबून तू घरी यायचीस आणि पुन्हा शेजारपाजारचे कपडे घेऊन इस्त्रीला उभी राहायचीस. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझं पुस्तक. मोठ्याने वाच, मलाही कळू दे, म्हणायचीस. इतिहासाच्या धड्यात राजा हरला की तू विचारायचीस, मग त्याच्या स्वयंपाक्याचं काय झालं? पुस्तकात ते नसायचं. मी चिडायचे. आज इथे सगळे म्हणतात की मला प्रश्न चांगले सुचतात. ते सुचत नाहीत गं, मला आठवतात.

गुरुवारचा विषय होता, घरातलं पहिलं पदवीधर माणूस. माझं काम तसं साधं. टेबलावर तीन फोन, प्रत्येकाला एक लाल दिवा. फोन घ्यायचा, कोण बोलतंय, काय सांगायचंय ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी काचेच्या फटीतून आत सरकवायची. मग बाई आत त्यांच्याकडचा तोच दिवा दाबतात आणि माणूस रेडिओवर येतं. दहा वाजून बारा मिनिटांनी तिसरा दिवा लागला. “टकळे, मीच गं,” तू म्हणालीस, “मला दोनच वाक्यं बोलायचीत.” मी म्हणाले, तिथला रेडिओ बंद कर, नाहीतर आवाज घुमतो, आणि थांब, तुला घेते.

चिठ्ठी लिहिली मी. ‘हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या ताई, बहिणीबद्दल.’ आणि तळहाताखाली दाबून ठेवली. मला वाटलं, तू खरं सांगणार, आणि बाईंसमोर मी उघडी पडणार. एकदा बाईंनी काचेतून तिसऱ्या दिव्याकडे बोट दाखवलं, कोणी आहे का? मी मान हलवली, कोणी नाही. अकरा वाजेपर्यंत तो दिवा लुकलुकत होता. मग शेवटची धून वाजली आणि मीच लाइन बंद केली.

हे सांगायचा धीर मला शुक्रवारी दुपारपर्यंत नव्हता. शनिवारच्या संकलनासाठी मी गुरुवारचं ध्वनिमुद्रण ऐकत होते. आमच्याकडे थांबलेल्या लाइनींवरचं बोलणंही आपोआप नोंदलं जातं, हे तुला ठाऊक नसणार. अठ्ठेचाळीस मिनिटं तू रिसीव्हर कानाला लावून बायांसमोर सराव करत होतीस. “माझी बहीण पहिल्यापासून हुशार. सगळं तिचं तिनेच केलं, आम्ही काही केलं नाही.” पुन्हा तेच, जरा सावकाश. कुणीतरी म्हणालं, अगं, तू एवढी राबलीस त्याचं काय? त्यावर तू म्हणालीस, “ते कशाला? एकदा रेडिओवर सांगून झालंय. आता मी तिला खोटी पाडू?” शेवटी शेवटी कुणीतरी म्हणालं, ठेव आता, विसरली असेल. तू हसलीस. “तिथं माझी बहीणच बसलीय. विसरेल कशी?”

ती चिठ्ठी घेऊन मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचून मला परत दिली. मग म्हणाल्या, येत्या गुरुवारी पहिली दहा मिनिटं तुझी, जे बोललीस ते तूच दुरुस्त कर. ते मी करणारच आहे, तू नको म्हणालीस तरी. हे पत्र मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. त्यानंतर मला तुझा आवाज हवा आहे, आणि या वेळी तू फोन करायचा नाहीस. दहा वाजून बारा मिनिटांनी लाँड्रीत मी फोन करेन. स्वयंपाक्याचं काय झालं, हेच विचार हवं तर. रागावली असशील तर तसं बोल, मी लाइन बंद करणार नाही. हातातली चादर घडी करून ठेव, हात पूस, सावकाश ये. तोवर मी थांबते.

तुझीच,
टकळी