कारंज्यावरची लिंबाखालची जागा

मखमलाबाद, १९ नोव्हेंबर २००२

ती. सौ. सुवर्णाताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, इकडे घात झाला. सिंहस्थासाठी कारंजा चौक मोकळा करायचा म्हणून फूलवाल्यांची मोजणी झाली, ती नेमकी गोटीरामकाकांच्या सुतकात. सुतकात देवाची फुलं विकायची नाहीत म्हणून आई घरी होती. रिवाजाप्रमाणे शेजारची कुसामावशी आईची जागा राखायला तिथं बसली, आणि यादीत तिचंच नाव लागलं! यादीत नाव नाही त्याला चौकातून उठावं लागेल. सोमवारी सुनावणी आहे. मावशी गप्प, आईही गप्प. वर मलाच बजावते, कुसाला काही बोलायचं नाही. मळ्यातली फुलं मग विकायची कुठं? माझं डोकं फिरलंय.

दाजींना नमस्कार. तुझ्या लाडवांची वाट पाहून डबा गंजला.

तुझा,
महेश

सायखेडा, २२ नोव्हेंबर

चि. महेशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाडू मिळतील, आधी डोकं थंड कर. तू आईच्या पोटात होतास तेव्हाची गोष्ट. चौकात टांगे उभे राहायचे आणि आई त्यांच्या पलीकडे, भर उन्हात बसायची. सातव्या महिन्यात तिला भोवळ आली, तशी कुसामावशीने आपली लिंबाखालची जागा तिला दिली आणि स्वतः उन्हात जाऊन बसली. दोघींच्या टोपल्या मीच हलवल्या होत्या. मावशीने ती जागा पुन्हा कधी मागितली नाही. आता मागेल का, कोण जाणे. माझाही जीव टांगणीला लागलाय. पण तू जिभेला आवर घाल.

पोचल्याचं कळव.
तुझी ताई

मखमलाबाद, २६ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. उशीर झाला. रविवारीच मी भर कारंज्यावर, सगळ्या बायांसमोर मावशीला चोर म्हणालो. ती खाली बघून शेवंती निवडत राहिली.

काल सुनावणीत तिने साहेबांना सरळ सांगितलं, जागा मालनची हाय, आपण नुसतं राखायला बसलो व्हतो. साहेबांनी आईचं नाव लावलं. मग विचारलं, तुमची जागा कुठली? तिची जागा मोजणीच्या दिवशी रिकामी होती, म्हणून यादीतच नाही. यादी आता बंद झाली. हे तिला आधीच ठाऊक होतं.

आज आई अर्ध्याच जागेत बसली. उरलेल्या अर्ध्यात तिने मावशीसाठी पोतं अंथरलं होतं. मावशी आली नाही. आई माझ्याशी बोलत नाही. मावशीच्या दारात एकट्याने जायला माझे पाय उचलत नाहीत. ताई, तू ये.

लोभ ठेव, मी त्याला लायक नसलो तरी.

तुझा,
महेश