पावडरीवर बसलेला डास

दौंड, मंगळवार संध्याकाळ, ऑक्टोबर १९७५

हिवतापावर संशोधन करणाऱ्या पाठकांनी आज राहू गावच्या घरांतून पकडलेले डास डीडीटी लावलेल्या कागदाच्या नळीत सोडले. तासाभराने पाहिलं, बरेच मेले होते. मी खूश झालो.

"मेलेले काय मोजता? वाचलेले मोजा," पाठक म्हणाले. "पुढची पिढी यांची. तिला हे औषध बाधणार नाही."

वाचलेल्यांतला एक त्या विषावरच बसून निवांत मागचा पाय साफ करत होता.

उत्क्रांतीवर मी किती भाषणं ठोकली! ती माझ्या बहिणीच्या भिंतीवर येऊन बसेल, हे कुठं ठाऊक होतं? शांता राहूला असते, पोटुशी आहे. फवारणीला गाव तयार नव्हतं तेव्हा मी विहारासमोर गरजलो होतो, "अंगारा सोडा, विज्ञान धरा!" पहिलं दार तिनंच उघडलं. परवा हसत म्हणाली, "दादा, लई वास मारतोय म्हून भिंती सारवून घेतल्या. औषध आत हायच की!"

मीही हसलो होतो. आज पाठकांना सांगितलं, ते हसले नाहीत. अर्धवट झाकलेलं विष दुबळे डास मारतं, चिवट तेवढे ठेवतं, म्हणाले.

उद्या राहूला माझी सभा. खरं बोललो तर लोक पुन्हा अंगाऱ्याकडे वळतील का? आणि गप्प बसलो तर? डोळे मिटले की तो पाय साफ करणारा डास दिसतो.

माझ्या पलंगाची मच्छरदाणी सोडून पिशवीत भरली आहे. सभेआधी शांताकडे जायचं. तिला सांगायचं, दादाच्या भाषणावर विसंबून झोपू नकोस.