ह्यांच्या डोक्यात घालायची यादी

६ ऑक्टो., सोम.
दातांच्या डॉक्टरनी आमच्या ह्यांना स्वतःच्या तोंडात उभी बोटं घालून बघायला लावली. दोनच गेली. तीन जायला पायजेत. वीस वर्षं रोज सहा पुड्या मावा, दुसरं काय होणार. तंबाखू-सुपारी आजच बंद, नायतर पुढं कॅन्सर, असं तोंडावर सांगितलं. मला तिथंच रडू आलं. बाहेर आल्यावर गाडीला किल्ली लावायच्या आधी ह्यांनी पुडी काढली. पाठीत धपाटा घातला.

९ ऑक्टो., गुरु.
संमोहनानं व्यसन सुटतं म्हणे. राजारामपुरीत एक मॅडम करतात, सोमवारची वेळ मिळाली. लई हलकं वाटलं. यात्रेतल्या संमोहनाच्या खेळात बघितलंय की मी, माणूस सफरचंद म्हणून कच्चा कांदा खात होता. ह्यांना वेगळाच घोर, गुंगीत सगळं बोलून बसलो तर? काय लपवलंय ते आधी मलाच सांगा म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "झोपवलं आन् परत उठलाच न्हाय, तर म्हशी कोण पिळणार?"

१२ ऑक्टो., रवि.
डोकं उघडणारच हाय तर एका फेरीत सगळं घालून घ्यावं. यादी केली. मावा शेणासारखा लागावा. ओला टॉवेल गादीवर टाकू नये. माझ्या भावाशी नीट बोलावं. पत्ते बंद. आमटीला नावं ठेवू नयेत. अजून आठवतंय ते...

१३ ऑक्टो., सोम.
फजिती. मॅडमनी यादी वाचली आणि चष्मा काढून हसल्या. म्हणाल्या, कुणाच्या डोक्यात काही घालता येत नाही. माणूस झोपत नाही, ऐकत असतो, नको ते करत नाही. मी यात्रेतला कांदा खाणारा सांगितला, तर म्हणाल्या, तो आपल्या पायानं स्टेजवर चढला होता. एका फेरीत सुटेल हेही डोक्यातनं काढा. तरी मी शेणाचं रेटलंच. तर हेच म्हणाले, "शेणाची मला कसली घाण? गोठ्यात वाढलोय मी."
मग मॅडमनी ह्यांना विचारलं, तुम्हाला सोडायचाय का? हे माझ्याकडं बोट करून म्हणाले, "हिला पायजे."
मॅडमनी वही मिटली. तुम्हाला वाटेल तेव्हा या म्हणाल्या.
ह्यांना सोडायचाच नसला तर? भीती वाटते.

२२ ऑक्टो., पाडवा
म्हशींची मिरवणूक. चंद्राची शिंगं रंगवली, कवड्यांचा पट्टा घातला. दरवर्षी हे गाडीवरनं पुढं जाऊन हाक मारतात आणि चंद्रा गर्दीतनं सुसाट येते. आज ह्यांचं तोंडच उघडंना. हाक गर्दीत विरली, चंद्रा जागची हलली नाही. पोरं फिदीफिदी हसली. शेवटी मी ओरडले, तेव्हा आली.
घरी आल्यावर हे गोठ्यात बसून राहिले. जेवायला पण उठले नाहीत.

२७ ऑक्टो., सोम.
हे आपणहून म्हणाले, चल मॅडमकडं. यादी घरीच.
मॅडमनी मलाही बसू दिलं. डोळे मिटून संथ श्वास, मॅडमचं हळू बोलणं. मान कधी पडते म्हणून मी टक लावून बघत होते. कशाचं काय. बाहेर हॉर्न वाजला, तर डोळे मिटूनच म्हणाले, माझी गाडी आडवी लागलीया वाटतं. मॅडम गाडी काढा म्हणाल्या नाहीत, हेही उठले नाहीत. मग मॅडमनी विचारलं, मावा सोडून काय करायचंय तुम्हाला? मला वाटलं, आता परत माझंच नाव घेणार.
"चंद्राला लांबनं हाक मारायची हाय."
मी पदर डोळ्याला लावला. लाज नाही वाटली.

३ नोव्हें., सोम.
सहाच्या दोन पुड्या झाल्यात. रोज गोठ्यात उपड्या बादलीवर डोळे मिटून बसतात, मॅडमनी शिकवलंय तसं. सासूबाई दर पाच मिनिटांनी, "जागा हाईस न्हवं?" तोंडाचा व्यायामही चालू हाय.
आज दुपारी पुडी हातात घेऊन अंगणात उभे. मी दारातनं बघत होते. टाका ती, असं अगदी ओठावर आलं होतं, गिळलं. त्यांनी मला बघितलं.
"तू आत जा. तू बघत असलीस की ते तुझ्यासाठी होतंय."
आत गेले. दार ओढून घेतलं. चार भाकरी थापल्या, चारही वाकड्या. हे जेवायला आले, जेवले. पुडीचं काय केलं ते मी विचारलं नाही.