मामांची सहावी आवृत्ती

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

(साष्टांग कागदावरच. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात मी उशीला टेकून बसलो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे, कारण परवा फोनवर तिने मला वीस मिनिटं झापलं. कशावरून, ते शेवटी सांगतो. तुमचा चष्मा पुन्हा हरवल्याचंही कळलं, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात छापून पाठवतो आहे. कृपा करून मामीकडून वाचून घेऊ नका.

तर मामा, मी तुम्हाला कॉम्प्युटरमध्ये बसवतो आहे. घाबरू नका. आमच्या आठ जणांच्या मंडळात बेसबॉलचा एक गेम चालतो. त्यात आपण स्वतः खेळायचं नसतं, फक्त मॅनेजर लिहून द्यायचा असतो. अमुक झालं तर चेंडू टाकणारा पिचर बदल, तमुक झालं तर पळणाऱ्याला थांबव, असे नियम लिहिले की कॉम्प्युटर आपल्या नावाने अख्खा मोसम खेळून टाकतो. दोन वर्षं माझी टीम तळाला आहे आणि यंदा तळाला राहणाऱ्याला मंडळातून नारळ मिळणार आहे. मग विचार केला, मॅनेजर म्हणावा असा माणूस आपल्याला एकच माहीत आहे. आपल्या छापखान्याची बेसबॉल टीम अकरा वर्षं हाकणारे तुम्ही!

पहिल्या आवृत्तीत "पिचर दमला की बदल" एवढंच लिहिलं, पण दमण्याचा आकडा मी उलटा धरला. (मुद्रितशोधक होतो ना, मला चुका दिसतात त्या दुसऱ्यांच्या.) ताजातवाना पिचर आला रे आला की मॅनेजर त्याला बाहेर बसवायचा, आणि बाहेर गेलेला परत येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या डावातच सगळे पिचर संपले. मग तुमचा लाडका नियम घातला, की शंका आली तर बंट, म्हणजे चेंडूला नुसती बॅट लावायची, स्वतः बाद व्हायचं आणि बेसवर उभ्या असलेल्याला एक बेस पुढे सरकू द्यायचं. पण या मॅनेजरला सदासर्वकाळ शंकाच! नऊ धावांनी पुढे असताना बंट, नऊ धावांनी मागे असताना बंट, बेसवर काळं कुत्रंही नसताना बंट. बायको बघून म्हणाली, "हुबेहूब मामा." पुढे आठवलं, की दमलेल्या पिचरलाही तुम्ही काढायचा नाहीत, कारण त्याची आई पहिल्या रांगेत बसलेली असायची. गेममध्ये आईसाठी रकाना नाही, तो मी पाडला. त्या माउलीपायी एका बिचाऱ्याने दोनशे अकरा चेंडू टाकले.

पाचव्या आवृत्तीपर्यंत मात्र तुम्ही बरेच सुधारलात (मामीला चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते) आणि सरावात टीम चौथी आली. इथेच थांबायला हवं होतं. पण मोह झाला आणि बेकरीवाल्यांविरुद्धची आपली ती फायनल मी गेममध्ये भरली. शेवटचा डाव, दोन बाद, दोघे बेसवर, आपण एका धावेने मागे. बॅट देऊन पाठवायला बाकावर दोनच माणसं. एक आपला बाइंडर, ज्याचे फटके कुंपणापलीकडे जायचे, आणि दुसरा मी, ज्याने तीन मोसम बाक ऊबदार ठेवला होता. हा प्रसंग हजार वेळा खेळवला. मॅनेजरने हजारही वेळा बाइंडरला पाठवलं.

तुम्ही बोट दाखवलंत ते माझ्याकडे. मी तीन चेंडूंवर तीनदा हवेत बॅट फिरवली, तिसरा आणि शेवटचा बाद झालो आणि कप बेकरीत गेला. तुम्ही खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत सोबत आलात. मामा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, एकवीस वर्षं मी त्या बोटावर जगलो आहे. मुलाखतीला जाताना, बायकोला मागणी घालताना, दरवेळी मनात एवढंच असायचं की मामांना माझ्यात काहीतरी दिसलं होतं. काय दिसलं, ते मात्र नियमात बसवता येत नाही.

गुडघा सांभाळा. मामीला नमस्कार, जरा लांबूनच.

तुमचा,
बाकावरचा भाचा

ता. क. नियम शुक्रवारपर्यंत द्यायचे आहेत. त्या दिवशी मला का पाठवलंत, ते एका ओळीत कळवा.

ता. क. २. मामी झापत होती ते यावरूनच. तिचं म्हणणं, त्या दिवशी तुमचा चष्मा छापखान्यात मशीनवर राहिला होता आणि बाइंडरची न् माझी टोपी एकसारखी होती. "चष्म्यापायी कप घालवला यांनी, आणि तू त्यांनाच कॉम्प्युटरात घालतोस?" असेलही खरं. पण तुम्ही तसं लिहू नका. सहाव्या आवृत्तीत मी नियम घातला आहे, की मोसमात एकदा, ऐन मोक्याला, आकडे न बघता बाकावरच्या शेवटच्या माणसाला पाठवायचं. सरावात त्यामुळे पुन्हा तळाला गेलो, तरी तो काढणार नाही. नियमापुढे कारणाचा रकाना रिकामा ठेवला आहे. तिथे तुमची ओळ जशीच्या तशी घालणार आहे, तेव्हा जरा बरी लिहा.